हिरवा ठिपका आणि पाच डबे

आधीच सांगून टाकते, ते ॲप मी शोधलं होतं. कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं बीपी पहिल्यांदा वाढलेलं निघालं तेव्हा दादाचं लग्नपण झालं नव्हतं. वहिनी आमच्या ओळखीचीपण नव्हती. मी तीन दिवस मोबाईलमध्ये डोकं घालून कायकाय टाकलं, काढलं, आणि शेवटी हे एक ठेवलं. जेवणाचा फोटो काढायचा, मग ते अंदाज लावतं की यात मीठ किती असेल, आणि हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका देतं. बीपीचं मशीनपण त्याला जोडता येतं. सकाळी दंडाला पट्टा लावला की आकडा आपोआप फोनमध्ये. एवढं भारी.

अण्णा मार्केटमध्ये माथाडी आहेत, कांदा-बटाट्याच्या. आयुष्यभर पाठीवर गोण्या वाहिलेला माणूस, आणि मी त्यांना सांगतेय की भाकरीचा फोटो काढा. ते बोलले, "खायच्या आधी फोटू काढायला ते काय लग्नातलं ताट हाय का?" दोन दिवसांनी बोलले, "काढ ते फोनमधनं, बॅटरी खातंय." मी काढलं नाही. रोज साडेबाराला मेसेज टाकायचे, अण्णा फोटो. निळ्या टिका यायच्या. फोटो यायचा नाही.

मग दादाचं लग्न झालं आणि खांदेश्वरहून वहिनी आली. माझ्याहून चार महिन्यांनी मोठी, तरी मला ताई म्हणते. त्याचापण मला राग यायचा, कारण त्यात राग येण्यासारखं काहीच नव्हतं.

आईचे गुडघे दुखतात म्हणून सकाळचा डबा वहिनीने घेतला. पहिल्याच आठवड्यात ती अण्णांना बोलली, "अण्णा, मी नवीन आहे, मला डबा भरायचा अंदाज नाही. उघडलात की एक फोटो पाठवाल का? भाजी सांडली-बिंडली तर कळेल मला." बस, एवढंच. मीठ नाही, बीपी नाही, ठिपका नाही. आणि त्याच दुपारी बारा चौतीसला फोटो. दोन भाकऱ्या, मुगाची उसळ, काकडी. खाली अण्णांनी स्वतः टाईप केलं होतं, "नाय सांडली." ज्या माणसाने मला वाढदिवसालापण नुसता अंगठा पाठवला होता.

वहिनी तो फोटो माझ्या ॲपमध्ये टाकायला लागली. माझ्या. मीच तिला पासवर्ड दिला, आई समोर होती म्हणून. मग काय, रोज हिरवा ठिपका. ती पापड, लोणचं डब्यातनं कधी गायब करत गेली ते अण्णांना कळलंपण नाही. मीठ रोज थोडं कमी, आणि वर लिंबू, आमसूल, भाजलेलं जिरं, भरपूर लसूण. आई सोसायटीत सांगायची, "आमच्या सुनेने सासऱ्याचं बीपी हातात घेतलंय बघा." मी बाजूलाच उभी असायचे, हातात दुधाची पिशवी.

मीपण प्रयत्न केला. कमी सोडियमचं मीठ ऑनलाइन मागवलं, खूश होऊन पाकीट ओट्यावर ठेवलं. वहिनीने मागचं सगळं वाचलं आणि हळूच बोलली, "ताई, यात पोटॅशियम आहे. अण्णांच्या गोळ्यांबरोबर चालतं का विचारूया?" मी बोलले, "हो, विचारणारच होते." नव्हते विचारणार. डॉक्टर मॅडमनी फोनवर सांगितलं की यांना नको, यांच्या गोळीबरोबर ते जड जाईल, आणि विचारलंत ते बरं केलंत. विचारलंत म्हणजे वहिनीने. पाकीट अजून कपाटात मागे आहे.

आणि मग ते चष्म्याचं झालं. एका गुरुवारी अण्णा चष्मा घरी विसरले. वहिनी बोलली मी देऊन येते, आणि मी तिच्या हातातनं जवळजवळ ओढूनच घेतला. म्हटलं, एकदा तरी त्यांना बघू दे की त्यांच्यासाठी धावत कोण आलंय. जुईनगरवरनं रिक्षा केली. पोचले तेव्हा जेवायची वेळ झालेली. गाळ्याच्या मागच्या बाजूला, रिकाम्या गोण्या अंथरून, पाच जण गोल बसलेले, मध्ये पेपर. अण्णांनी डबा उघडला, टोपी मागे सरकवली, फोन दोन्ही हातांनी धरला आणि डब्याचा फोटो काढला. पासपोर्टचा काढतात तसा, एकदम गंभीर. पाठवला. आणि मग डबा उचलून मध्ये ठेवला.

पाचही डबे मध्ये. पाचही हात सगळ्यात.

अण्णांनी स्वतःच्या डब्याला हातपण लावला नाही. त्यांनी घेतला एकाचा खरडा, म्हणजे मिरची आणि खडेमीठ तव्यावर रगडून केलेला, चांगला लिंबाएवढा गोळा. दुसऱ्याचं तळलेलं सुकट. तिसऱ्याचे दोन पापड. वहिनीची उसळ खात होते कोकणातले तात्या, त्या टोळीतले सगळ्यात म्हातारे. खात खात बोलत होते, "तुमच्या सुनेच्या हाताला काय गुण हाय, पोटाला कशी हलकी वाटते."

मला बघून अण्णांचा घास तसाच थांबला. मी चष्मा पुढे केला.

"जेवतेस का?" ते बोलले.

"अण्णा, हे काय?"

"आगं, हितं आपापला डबा मांडीवर घेऊन कोन बसत न्हाय. तसं बसला की समजायचं, भांडान झालंय." मग उठून मला मालाच्या गाडीच्या पलीकडे घेऊन गेले, आणि खालच्या आवाजात बोलले, "घरी नको बोलूस. सूनबाईला वाईट वाटंल. ऱ्हाऊ दे आपल्या दोघात."

आपल्या दोघात. खरं सांगते, मी तिथून परत येताना हसत होते. बीपी विसरलेच. इतके महिने वहिनीकडे त्यांचे फोटो होते, आणि आता माझ्याकडे असं काहीतरी होतं जे तिच्याकडे नव्हतं. त्यानंतर रोज साडेबाराला ती फोन बघून बोलायची, "आला बघा हिरवा," आणि मी बोलायचे, "वा." आणि आत कुठेतरी मजा यायची. अण्णापण सकाळी निघताना माझ्याकडे बघून डोळे बारीक करायचे. लहानपणी करायचे तसे.

तीन आठवडे. तेवढ्या दिवसांत सकाळचे आकडे काय खाली आले नाहीत. एकशे छप्पन्न, एकशे साठ, एकदा एकशे अडुसष्ट. वहिनी रोज मीठ आणखी चिमूटभर कमी करायची आणि स्वतःपण तेच अळणी खायची, बघायला की कसं लागतं. एके दिवशी तिने मला विचारलं, "ताई, माझं काय चुकतंय? तुम्हाला ॲपमधलं कळतं ना." मी बोलले, "मशीनचा सेल बघ."

लपवत नाही, मी असंच बोलले होते.

महिन्याची तपासणी आली. स्टेशनजवळच्या दवाखान्यात आम्ही तिघं, अण्णा, वहिनी, मी. मॅडमनी वहिनीच्या फोनवर एकेक दिवस खाली सरकवला. हिरवा, हिरवा, हिरवा. मग पट्टा लावून दोनदा बघितलं. त्या बोलल्या, "जेवण एकदम चोख दिसतंय. एवढं करून खाली येत नाही म्हणजे गोळी वाढवायला लागेल. दुसरी एक चालू करूया. वजन उचलताना चक्कर आली तर मात्र काम थांबवायचं, काय अण्णा?" आणि पेन उघडलं.

वहिनीचं तोंड एवढंसं झालेलं. मी अण्णांकडे बघितलं, त्यांनी मान थोडीशी हलवली, नको म्हणून. मला दिसत होतं, एक फुकटची गोळी आता त्यांच्या पोटात जाणार, आणि वर पन्नास किलोची गोणी. खोट्या ठिपक्यांवरनं.

"ते फोटो बरोबर नाहीत," मी बोलले. "म्हणजे फोटो बरोबर आहेत. पण तो डबा अण्णा खात नाहीत."

आणि सगळं सांगितलं. खरडा, सुकट, पापड, तात्या. मॅडमनी पेन बंद केलं. त्या बोलल्या, आधी हे एक महिना सुधारा, आकडे मला पाठवत राहा, मग गोळीचं बघू. मधेच चक्कर आली, छातीत दुखलं तर लगेच या. बाहेर आल्यावर अण्णा माझ्याशी बोललेच नाहीत. रिक्षात पुढे बसले, ड्रायव्हरला बोलले, "आमच्या घरात एक फितूर हाय."

वहिनीने घरी आल्यावर विचारलं, "ताई, कधीपासून माहीत होतं?"

"चष्म्यापासून."

ती भाजी चिरत होती. चिरतच राहिली. "म्हणजे मी तीन आठवडे तात्यांसाठी आमसूल भिजवत होते," ती बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी बोलले, "मला तुझा राग यायचा." ती बोलली, "माहीत आहे मला. पासवर्ड देताना तुम्ही तीनदा चुकीचा टाकलात." मग कोथिंबीर माझ्यापुढे सरकवली, निवडा म्हणून.

डबा मांडीवर घेऊन अण्णा बसणार नव्हते, हे दोघींनाही माहीत होतं. मग वहिनीने बाकीच्या चार घरी फोन लावले. त्या बायकांनापण आपल्या माणसांच्या बीपीची काळजी होतीच, दोघांना तर गोळ्यापण चालू होत्या. ठरलं असं की खरडा आठवड्यातनं एकदा, तोही शेंगदाणे जास्त घालून आणि मीठ नावाला. सुकट आधी पाण्यात भिजवून, ते खारं पाणी टाकून द्यायचं. पापड बंद. आणि फोटो काढायचा तो एका डब्याचा नाही, मधल्या पेपरचा, सगळा.

ॲपला तो फोटो झेपेना. त्याने सुकटाला नूडल्स म्हटलं, खरड्याला पुदिन्याची चटणी. तेव्हा माझं काम निघालं. रोज प्रत्येक पदार्थ मी हाताने टाईप करते, अण्णांनी किती घेतला ते त्यांना विचारून. म्हणजे त्यांना माझ्याशी बोलावंच लागतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा फोन उचलला आणि बोलले, "फितूर, लिव. उसळ दोन डाव. काकडी. खरडा बोटावर येवढा, खोटं न्हाय बोलत." पिवळा ठिपका आला. मला तो सगळ्या हिरव्यांपेक्षा आवडला, कारण खरा होता. परवा सकाळी आकडा एकशे अठ्ठेचाळीस. अजून लांब आहे, पण खाली आलाय.

फोटो मात्र ते अजून वहिनीलाच पाठवतात, मग ती मला पुढे ढकलते. मला ते अजून टोचतं. नाही टोचत म्हणाले तर खोटं होईल.

काल फोटो आला. वहिनी बोलली, "आज एकदम छान आहे." मी मोठा करून बघितला. पेपरचा एक कोपरा उगाचच दुमडलेला, आणि त्याच्याखालनं गोल, भाजलेली कड. मी वहिनीला दाखवलं. मग फोन लावला, स्पीकरवर.

"अण्णा, पापड."

पलीकडे तात्यांचं हसू ऐकू आलं.

"अर्धाच हाय," अण्णा बोलले.

"मग कोपरा उचला आणि अर्ध्याचा फोटो पाठवा," मी बोलले. "मला पाठवा."

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. अर्धा पापड, आणि त्याच्या बाजूला अण्णांचा अंगठा.