अंबाजी पाणाड्याची बेचकी

कोहिनूर गावाच्या आसपास अंबाजी पाणाड्याला विचारल्याशिवाय कुणी विहीर खोदत नसे. कडुनिंबाची बेचकी दोन्ही मुठींत धरून तो अनवाणी रान तुडवायचा, आणि एका जागी बेचकीचं टोक आपोआप खाली वळायचं. माणसं श्वास रोखून बघत राहायची.

१९३४ साली अंबाजीनं बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं, तेव्हा पाळक उद्धवरावांनाही राहवलं नाही. "अंबाजी, ती काठी फिरते तरी कशी रे?"

"मीच फिरवतो, साहेब. मनगट दाबलं की वळती."

"मग पाणी लागतं ते?"

"ते उंबरावरनं कळतंय. वारुळावरनं, चैतात हिरव्या राहिलेल्या हरळीवरनं. पण नुसतं बघून सांगितलं, तर लोकांना खरं वाटत न्हाई."

उद्धवराव एकेक खूण विचारत गेले. मग सहज म्हणाले, "आणि जिथं पाणी लागलं नाही, तिथं काय सांगायचास?"

अंबाजीची मान खाली गेली. सात वर्षांमागं गुंडप्पाच्या रानात त्याला एकही खूण दिसली नव्हती. तसं कबूल करायची लाज वाटली, म्हणून त्यानं बेचकी वळवली. गुंडप्पाच्या घरच्यांनी दोन उन्हाळे खडक फोडला; विहीर कोरडीच. ते जाब विचारायला आले, तेव्हा गुंडप्पाची नवी सून चन्नव्वा मागं उभी होती. "हिचा पायगुण," अंबाजी बोलून गेला.

सगळं ऐकून उद्धवराव म्हणाले, "देवाची माफी मागायला आलास, बरं केलंस. पण तो आळ ती बाई अजून वागवतेय. आधी तिच्याकडं जा. बाप्तिस्मा कुठं पळून जात नाही."

चन्नव्वा अंगणात तूर पाखडत होती. तो आळ आल्यापासून तिला कुणी बारशाला बोलावलं नव्हतं, की कुणाची ओटी भरू दिली नव्हती. अंबाजीनं सगळं सांगितलं. ती रडली नाही, चिडली नाही. तिनं त्याच्या हातातली बेचकी घेतली, मनगट दाबून बघितलं. टोक झर्रकन वळलं.

"एवढंच व्हय?" ती नवलानं म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "अण्णा, हे मला एकटीला कामून सांगायलास? मी पाणी पळवलं न्हाई, हे मला ठाऊकच होतं. गावाला सांग."

बाजाराच्या दिवशी चावडीपुढं अंबाजीनं सांगितलं. आधी हशा पिकला, मग शिव्या. गुंडप्पाला सुनेकडं बघवेना. एकानं विचारलं, "तवा लबाड बोललास, तर आता खरं बोलायलास कशावरनं?"



नाताळात त्याचा बाप्तिस्मा झाला, पण पाणी बघायला कुणी बोलावेना. उंबराच्या, वारुळाच्या खुणा खऱ्या होत्या. काठीबरोबर त्यांचीही किंमत गेली. दुसऱ्यांच्या विहिरींवर तो दगड फोडू लागला.

तिसऱ्या वर्षी चन्नव्वानं निरोप धाडला. गुंडप्पा कुरकुरला, तरी तिनं ऐकलं नाही. अंबाजी अर्धा दिवस मोकळ्या हातानं रानभर हिंडला आणि वरच्या बांधाला थांबला.

"हितं लागंल वाटतंय, अक्का. खात्री न्हाई."

"मागल्या बारीला लई खात्री होती तुझी," ती म्हणाली. "खोदू."

तीस हातांवर पाणी लागलं. थोडं मचूळ, पण गुरांना आणि भाजीपाल्याला पुरेल एवढं. गुंडप्पानं पहिला तांब्या भरला आणि सुनेच्या हातात दिला.