वसंताचं व्याख्यान ऐकायला लोणारला

लोणारला जायचं ठरवलं ते सरोवर पाहायला नाही. माझा मित्र वसंता भर सभेत अडखळतो का, ते पाहायला.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी नांदुऱ्याला इतिहासाचा मास्तर, वसंता लोणारला. तिथल्या वाचनालयानं शांततेसाठी झटलेल्या एका फ्रेंच पंतप्रधानावर व्याख्यान ठेवलं आणि बोलावलं वसंताला. विषय माझा होता! कॉलेजात त्या माणसावर टिपणं मी काढली. वसंतानं ती माझ्या वहीतून उतरवली.

सकाळच्या एसटीनं निघालो. खामगावला गाडी बदलली, मेहकरला पुन्हा बदलली. तुम्ही एसटीनं जाणार असाल तर सकाळीच निघा, भाकरी सोबत ठेवा. माझी भाकरी त्या दिवशी फडक्यातच राहिली.

दुपारी वसंतानं सरोवराच्या काठावर नेलं. केवढा गोल खड्डा, तळाशी हिरवट खारं पाणी, बाभळीत मोर. उतरायची वाट घसरडी आहे, साध्या चपला घालून जाऊ नका. मी मात्र वसंताचा नवा कोट पाहत होतो.

संध्याकाळी देवळासमोर माणसं जमली. वसंता छानच बोलला. कितीदा तरी पंतप्रधान झालेला तो माणूस, पहिल्या महायुद्धानंतर त्यानं जर्मनीपुढे केलेला हात, युद्धच बेकायदा ठरवणारा करार. टाळ्या पडल्या. मला त्या झोंबल्या.

मग पागोटं बांधलेले एक म्हातारे उठले. "मास्तर, एवढा करार केला, मंग दुसरी लढाई काऊन झाली?"

वसंतानं हातातले कागद चाळले आणि खाली ठेवले. मला उत्तर येत होतं. मी मान खाली घातली. खरं सांगतो, बरं वाटलं.

"मले नाही सांगता येत, बाबा," वसंता म्हणाला. "पण मांगं माहा दोस्त बसला हाये. मी हे त्याच्याच वहीतून शिकलो. ऊठ बे, तू सांग."

उठावंच लागलं. "बाबा, करार मोडणाऱ्याले अडवाचं कसं, ते त्यात नव्हतं. अन् तो माणूसही तोवर वारला होता."

"म्हंजे वाया गेलं?"

"नाही. युरोपानं एक व्हावं, असं तो म्हणे. आता तेच फ्रेंच अन् जर्मन पुन्हा एकत्र आले."

"हाव," म्हातारे बसत म्हणाले, "कोणीतरी पह्यले हात पुढं करा लागते."

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. बायकोनं विचारलं, "कसं झालं त्यांचं भाषण?"

"चांगलं झालं," म्हणालो. ते म्हणायलाही जड गेलं.

माझा हेवा लोणारलाच संपला, असं लिहिलं तर खोटं होईल. व्याख्यानाचा संपला. पण गावासमोर उभं राहून "मले नाही येत" म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. वसंताला ते जमलं, याचा हेवा अजून वाटतो.