आईचा सोन्याचा गुडघा

आधी माझ्या कामाविषयी सांगतो, म्हणजे पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं कुणाला वाटायला नको. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं कोटिंगचा विभाग सांभाळतो. ड्रिल, कटर, टॅप असली पोलादी हत्यारं आमच्याकडे येतात. ती आम्ही धुतो, पुन्हा धुतो, उघडा हात न लावता टांगतो आणि एका बंद भट्टीत घालतो. भट्टीतली हवा काढून घ्यायची, टायटॅनियमची वाफ करायची, त्यात बेतानं नायट्रोजन सोडायचा. काही तासांनी हत्यारं बाहेर येतात ती अशी पिवळीधमक, की गळ्यात घालून लग्नाला जावं. नायट्रोजन कमी पडला तर रंग फिका येतो, जास्त झाला तर तांबूस. थराची जाडी केसाच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाइतकी, आणि त्यात सोन्याचा एक कणसुद्धा नसतो. कामाला नवा लागलेला प्रत्येक जण पहिल्या दिवशी ड्रिल हातात घेऊन विचारतो, ‘साहेब, हे खरं सोनं का?’ आणि मी त्याला सगळ्यांसमोर हसतो.

आई रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात एकटी राहायची. वडील आधीच गेले होते. उसाकडं चुलते बघायचे, पण बांधावरून रोज एक फेरी मारल्याशिवाय आईला घास गोड लागत नसे. पुढे उजवा गुडघा पार झिजला, तेव्हा ती फेरी बंद पडली. दारातल्या दगडावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला उसाची खबर विचारायची आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवायची नाही.

तिला आणखी एक त्रास होता. हातात नकली बांगड्या घातल्या की मनगटाला पुरळ यायचं, खाजवून खाजवून रक्त निघायचं. खऱ्या पाटल्या तिच्याकडं होत्या, पण त्या माझ्या शिक्षणासाठी मोडल्या. मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला होतो तेव्हाची गोष्ट. त्या पाटल्या खरं तर थोरल्या बहिणीला, अक्काला, द्यायच्या ठरल्या होत्या. अक्का तेव्हा नुकतीच लग्न होऊन शिराळ्याला गेली होती. आईनं तिला विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘मोडा की, त्यात काय इचारायचं?’’ त्यानंतर अक्कानं पाटल्यांचा विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही, आणि माझं न काढणं तिच्यासारखं नव्हतं.

गुडघा बदलायचं ठरलं तेव्हा अक्कानंच सांगलीच्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. त्यांनी आईच्या मनगटाचं पुरळ पाहिलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, नेहमीच्या सांध्याच्या धातूत कोबाल्ट आणि क्रोमियम असतं, थोडं निकेलही असतं. निकेल सोसत नाही अशा माणसांसाठी वरून सोनेरी थर दिलेला सांधा मिळतो. थर कठीण असतो, आतला धातू शरीरात झिरपू देत नाही. ‘‘तो जास्त वर्षं टिकतो असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण तुमच्या आईंची कातडी बघता मला तोच घालावासा वाटतो.’’

मला काय, आयतंच मैदान मिळालं. मी त्यांना थराचं सगळं शास्त्र ऐकवलं. दोन धातूंच्या मध्ये जी प्लास्टिकची गादी बसते तिच्यावरही बोललो. पॉलिथिलीन म्हणजे आपल्या दुधाच्या पिशवीचंच भावंड, पण त्यावर किरणांचा मारा केला की त्याच्या लांब लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात, मग ते सहजी झिजत नाही, वगैरे. डॉक्टर भले माणूस. हसून म्हणाले, ‘‘तुम्ही तर आमच्यातलेच निघालात.’’ बाहेर आलो तो छाती फुगवूनच.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आई कॉटवर उठून बसली. हिरवा गाऊन घातलेला, केस टोपीत कोंबलेले, आणि एकदम म्हणाली, ‘‘म्या न्हाई करून घेत जा. बांगडी सोसत न्हाई माझ्या अंगाला, आन् लोखंड घालून घिऊ व्हय आत?’’

नर्स सहीचा कागद घेऊन उभी होती. अक्का चहाचा थर्मास घेऊन दारात होती. मी घाईघाईनं मोबाइलवर त्या सांध्याचा फोटो शोधून आईसमोर धरला. पिवळाधमक गुडघा. आईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

‘‘सोनं हाय ह्ये?’’

मला दोन मिनिटं लागली असती. पुरळ का येतं, थर काय करतो, सोनेरी म्हणजे सोनं नव्हे, हे तिला समजेल असं सांगता आलं असतं. ड्रिलवाल्या नवख्यांना रोज सांगतोच की. पण मी म्हणालो, ‘‘व्हय.’’

‘‘खरं?’’

‘‘खरं.’’

तिचा चेहरा उजळला. म्हणाली, ‘‘मग असू दे. सोनं काय वाया जात न्हाई.’’ मग दाराकडं वळून म्हणाली, ‘‘अक्का, म्या गेले की ह्यो गुडघा तुझा. पाटल्यांच्या जागी.’’ नर्स हसली. अक्कानं थर्मासचं झाकण घट्ट केलं. आणि मी मान डोलावली. खोटं तर बोललोच होतो, पण त्यावर मला हलकं वाटलं, याची लाज मला जास्त वाटते. इतक्या वर्षांची पाटल्यांची टोचणी एका ‘व्हय’मध्ये निघून गेली, खिशात हात न घालता.

ऑपरेशन छान झालं. टाके निघेपर्यंत अक्का तिच्यापाशी सांगलीत राहिली, मी शनिवार-रविवारी जाऊन यायचो. दोन-तीन महिन्यांत आई पुन्हा बांधावरून हिंडायला लागली. बायका गुडघा बघायला यायच्या. ती लुगडं वर करून व्रण दाखवायची आणि म्हणायची, ‘‘वरनं दिसत न्हाई. आत सोनं हाय. माझ्या ल्योकानं घातलंय.’’ चुलत्यांनी मला चारचौघांत म्हटलं, ‘‘पोरा, आईच्या पाटल्या फेडल्यास गड्या.’’ मी नम्रपणे खाली बघितलं. तो नम्रपणा आठवला की आजही अंगावर काटा येतो.

मग एक दिवस आई म्हणाली, हल्ली मी एकटी शेतात जात न्हाई. का, तर चोरांची भीती. बाजारात कुणीतरी चेष्टेनं म्हटलं होतं, ‘‘म्हातारे, जपून जा, गुडघ्यासकट उचलून नेतील.’’ तिनं ते मनावर घेतलं. एसटीत बसली की मांडीवर शाल टाकायची. चुलतीला बरोबर घेतल्याशिवाय बांधावर जायची नाही, आणि चुलतीला सवड नसेल त्या दिवशी दारातल्या दगडावरच बसून राहायची. म्हणजे जिच्यासाठी गुडघा बदलला ती फेरी माझ्या एका शब्दानं पुन्हा बंद पाडली. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी मोठ्यानं हसलो आणि ही गंमत कारखान्यात जाऊन जेवणाच्या सुट्टीत सांगितली. सगळे पोट धरून हसले.

चार वर्षांनी आई गेली. साधा ताप म्हणता म्हणता आठवड्यात आटोपलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जनाला नदीकाठी भावकी जमली. शिराळ्याची माणसं आली होती. राखेवर पाणी शिंपडलं, अस्थी वेचून मडक्यात ठेवल्या. मग चुलत्यांनी काठीनं राख बाजूला करत गुडघा शोधायला सुरुवात केली. त्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं. वहिनीची इच्छा होती, लेकीला द्यायचा, सगळ्या गावाला ठाऊक होतं. काठीला खणकन काही लागलं. त्यांनी ते उचलून पाण्यानं धुतलं. करडा, डागाळलेला धातू. दुसरा तुकडाही तसाच. मधल्या प्लास्टिकचा मागमूस नव्हता.

मला हे आधीच माहीत होतं. एवढ्या आगीत तो थर टिकत नाही. जास्त तापून जळालेल्या ड्रिलचा असाच करडा रंग मी शेकडो वेळा पाहिला आहे.

‘‘आरं, सोनं कुठं हाय?’’ चुलते म्हणाले.

कुणीतरी म्हणालं, ‘‘वितळलं असंल. राखंत उतरलं असंल खाली.’’

‘‘मग चाळाय पायजे,’’ चुलते म्हणाले आणि घरून धान्याची चाळण मागवली.

अक्का खाली बसली. पदर खोचला आणि चाळण हातात घेतली. कुणीतरी राख भरून द्यायला हवी होती, म्हणून मी घमेलं घेतलं. माझ्या आईची राख मी दोन्ही हातांनी घमेल्यात भरत होतो आणि माझी बहीण ती चाळत होती, आणि त्यात काहीही सापडणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. राख उडून अक्काच्या भुवयांवर बसली. कोपरापर्यंत तिचे हात पांढरे झाले. चाळणीत कोळसे राहिले, एक खिळा राहिला, हाडाचे बारके तुकडे राहिले. ते तुकडे ती एकेक उचलून मडक्यात ठेवत होती. पहिलं घमेलं झालं, दुसरं झालं. मी तिसरं भरलं. बोलावं असं प्रत्येक घमेल्याला वाटलं आणि प्रत्येक वेळी वाटलं, एवढं होऊन जाऊ दे.

शेवटी राख संपली. चुलते माझ्याकडं वळले. ‘‘तू ह्यातला जाणकार. तूच सांग, सोनं गेलं कुठं?’’

चाळीस-पन्नास माणसं माझ्याकडं बघत होती. आणि मी म्हणालो, ‘‘सांगलीच्या डॉक्टरनंच फसवलं म्हणायचं. सोन्याचा म्हणून दुसराच घातला.’’

एकच गलका झाला. कुणी म्हणालं, कोर्टात खेचा. कुणी म्हणालं, चला गाडी काढा, आत्ताच जाऊ. मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ‘‘आई गेली, आता भांडून काय? जाऊ द्या,’’ असं म्हणालो. त्यावर दोघा-तिघांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. आमच्या गावात त्या डॉक्टरांचं नाव आजही वाईट आहे. शेजारच्या दोन म्हाताऱ्या गुडघे धरून घरात बसून आहेत, पण ऑपरेशनला तयार होत नाहीत. म्हणतात, आत काय घालतील कुणाला म्हाईत.

चुलते ते दोन्ही तुकडे नदीत टाकायला निघाले होते. अक्का उठली आणि हात पुढं केला. ‘‘आणा हिकडं. आईनं मला दिलाय.’’

‘‘आगं, काय करतीस त्या लोखंडाचं?’’

‘‘असू द्या,’’ ती म्हणाली आणि तुकडे पिशवीत घातले.

राख पाण्यात सोडून झाल्यावर माणसं वर निघाली. मी खाली हात धुवत बसलो होतो. अक्का येऊन शेजारी बसली आणि तिनंही पाण्यात हात घातले. आवाज अजिबात न चढवता म्हणाली, ‘‘डॉक्टरला कशाला मधी घेतलंस?’’

मी नखांतली राख काढत राहिलो.

‘‘टाकं काढायच्या दिशी म्याच त्यास्नी इचारलं हुतं, सोनं किती हाय ह्यात म्हणून. त्यांनी समदं समजावून सांगितलं. सोनं न्हाई, नुस्ता सोनेरी थर हाय म्हणालं. तुमच्या भावाला माझ्यापरीस जास्त म्हाईत हाय, असं बी म्हणालं.’’

मी विचारलं, ‘‘चार वर्षं तुला ठाऊक होतं? मग मघाशी राख का चाळत बसलीस?’’

‘‘म्या सांगितलं आसतं तर सगळ्यांम्होरं आई येडी ठरली आसती. त्ये तू बोलायचं हुतंस.’’ तिनं चेहऱ्यावर पाणी मारलं. ‘‘म्हटलं, एक घमेलं चाळंस्तवर बोलशील. मग म्हटलं, दुसऱ्याला बोलशील. आन् तू आपला भरून देतुयास.’’

पदरानं तोंड पुसून ती उठली आणि पिशवी उचलून माणसांच्या मागं चालायला लागली.