भिंगरी बसली तो दिवस

आमच्या नणंदबाईंना एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. चहासुद्धा उभ्याने, एक पाय दाराबाहेर ठेवून. दुर्गजवळ पोलादाचा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत आम्ही सुपेल्याजवळच्या कामगारांच्या कॅम्पात राहायचो. माझे यजमान भट्टीच्या बांधकामावर, आणि नणंदबाई कॅम्पातल्या बायांना शिलाई शिकवायच्या. एका घरी मशीन, दुसऱ्या घरी कात्री, दोन्हींच्या मधे यांची धावपळ. सगळे त्यांना भिंगरीच म्हणत.

शाळेत असल्यापासून त्यांना मधुमेह होता. रोज सकाळी स्टोव्हवर काचेची सिरिंज उकळून मांडीत स्वतःच इन्सुलिन टोचून घ्यायच्या. तेही घाईघाईत, एकीकडे कॅम्पातल्या गोष्टी सांगत.

"पाहून ठेव वहिनी," त्या म्हणत.

"मले कावून शिकवून राहिल्या बाई?"

"तब्येत बिघडली की मी बरी आहो असंच म्हणन. तवा माझं ऐकू नको. उचल अन् दवाखान्यात ने."

मी हसून सोडून देई.

एका उन्हाळ्यात त्यांना ताप आला. अन्न जाईना. "पोटात काही नाही, तर सुई कशाले?" म्हणत त्यांनी त्या दिवशी इन्सुलिन घेतलंच नाही. मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्या पाणी पिऊन पिऊन माठ रिकामा करत होत्या, सारख्या लघवीला बाहेर जाऊन येत होत्या. मग उलट्या सुरू झाल्या, पोटात कळा येऊ लागल्या. शेजारीण म्हणाली, लू लागली, ऊन बाधलं. तिने गूळ घालून कैरीचं पन्हं करून आणलं.

पेला घेऊन मी आत गेले, तर बाई भिंतीला टेकून बसलेल्या. डोळे अर्धे मिटलेले. चढ चढून आल्यासारखा लांब, खोल, भरभर श्वास चाललेला. पेला तोंडाशी नेला आणि मला वास आला. पिकून उतरलेल्या फळासारखा, गोडसर. पन्ह्याचा नव्हता, त्यांच्या श्वासाचा होता. मी पेला खाली ठेवला.

"उठा बाई. दवाखान्यात जाऊ."

"झोपू दे मले. बरी आहो मी."

"तुम्हीच सांगतलं होतं, ऐकू नको म्हणून!"

रस्ता जागोजागी खणलेला. डंपरच्या धुळीत आमची सायकलरिक्षा रुतली. रिक्षावाला आणि मी मिळून ढकलत होतो, आणि त्यांचा डोळा लागू नये म्हणून मी त्यांना सारख्या हाका मारत होते. त्या हुंकार द्यायच्या, मग तोही देईनाशा झाल्या.

दवाखान्यात सलाईन लागलं, इन्सुलिन दिलं. डॉक्टर म्हणाले, "देर हो जाती तो मुश्किल था. बुखार हो, खाना न जाए, तब भी अपने मन से इंसुलिन बंद नहीं करना."

शुद्धीवर आल्या तेव्हा पहिलं वाक्य होतं, "खाट भिंतीले कावून लावली? उतरू कुठून?" मी पदर तोंडात धरून रडले.

पुढे स्थळं आली. पाहायला आलेल्यांना त्या स्वतःच आजार सांगत. माणसं उठून जात. रेल्वेतला एक जण मात्र म्हणाला, "सुई टोचाले मले शिकवा."

लग्नानंतर दुर्ग स्टेशनवर दोघांना निरोप देताना मी त्याला खिडकीपाशी गाठलं आणि तहानेपासून श्वासाच्या वासापर्यंत सगळं पुन्हा सांगितलं. तो नीट ऐकत होता. गार्डची शिट्टी झाली.

"वहिनी, तो वास ओळखू येईन न मले?"

"येईन. पण वासाची वाट पाहू नका जी," मी गाडीबरोबर चालत म्हणाले. "त्याच्या आधीच निघा."