शंकूच्या टाकीतली इडली

आमच्या मिशिगनमधल्या नोव्हायच्या घरातल्या बेसमेंटच्या छताला अजूनही इडलीचं पीठ चिकटलेलं आहे. मध्यंतरी शेजारच्या एका अमेरिकन बाईंनी वर बघून, "हे टेक्स्चर कुठल्या पेंटरकडून करून घेतलंत?" असं कौतुकाने विचारलं, तेव्हा मी सासूबाईंचं नाव सांगितलं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा (आणि दुर्दैवाने अजूनही) गाड्यांच्या सायलेन्सरवर काम करायचो. इंजिनातला गॅस कुठून, किती आणि केवढा आवाज करत बाहेर पडावा, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. हे वाक्य वाचून लगेच विसरून जा, पुढे माझीच लाज जाणार आहे.

ऑफिसातल्या एका मित्राने मला घरी बिअर करण्याचा नाद लावला. सुरुवातीला प्लास्टिकच्या बादलीत भागायचं. मग हौस वाढली आणि मी स्टेनलेस स्टीलची शंकूच्या आकाराची टाकी घेतली. तीन पायांवर उभी, कमरेएवढी उंच, आरशासारखी चकचकीत! वर क्लॅम्पने आवळायचं झाकण, झाकणात गॅस बाहेर पडायला छोटी नळी, खाली निमुळतं टोक आणि टोकाला व्हॉल्व्ह. बिअर होताना यीस्टचा सगळा गाळ त्या टोकात जाऊन बसतो. शिवाय मिशिगनच्या थंडीत यीस्टही संपावर जातं, म्हणून टाकीभोवती गुंडाळायला विजेवर तापणारा पट्टा. मी दिवसातून अनेकदा खाली जाऊन तिच्याकडे नुसता बघत बसायचो. माझी बायको मेधा म्हणायची, "आपल्या ऋचाच्या पाळण्याजवळसुद्धा तू एवढा बसला नव्हतास!"

आणि अशात सांगलीहून मेधाचे आईवडील सहा महिन्यांसाठी राहायला आले.

सासरे, म्हणजे अण्णा, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. दारूच्या बाबतीत अतिशय कडक. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामाच्या तोंडाला वास आला म्हणून अण्णा भर मांडवातून न जेवता उठून आले होते. (नवरी त्यांची सख्खी भाची होती!) त्यामुळे ते यायच्या आधी मी बिअर बाटल्यांत भरून मित्रांच्या घरी पाठवली. टाकी मात्र लपवणार कुठे? तळाचं यीस्टही इतकं जोमदार निघालं होतं, की ते फेकून द्यायचा मला धीर झाला नाही. आता टाकी बघायला कोण येतंय, असं म्हणून मी ते तसंच ठेवलं.

इकडे सासूबाईंचं, म्हणजे आईंचं, वेगळंच दुःख सुरू झालं. सांगलीला त्यांच्या इडल्यांचा दबदबा होता. नोव्हायला मात्र जानेवारीच्या थंडीत त्यांचं पीठ काही केल्या फुगून येईना. त्यांनी पातेलं शालीत गुंडाळलं, घर तापवणाऱ्या फर्नेसशेजारी ठेवलं, ओव्हनमधला दिवा लावून आत ठेवलं. इडल्या तरीही चपट्या आणि घट्ट. अण्णांनी एक इडली ताटात टाकून तिचा आवाज ऐकला आणि नुसतीच चटणी खाल्ली. त्या दिवशी आई ओट्याशी डोळे पुसताना दिसल्या. "माझ्या हातालाच काहीतरी झालंय," म्हणाल्या. मला खरंच फार वाईट वाटलं.

एके दिवशी त्या कपडे धुवायला बेसमेंटमध्ये उतरल्या आणि खालूनच त्यांचा आवाज आला.

"मेधा! अगं, हे कसलं मशीन आहे?"

आम्ही दोघं धावत खाली गेलो. मेधा सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधणं हा तिचा व्यवसाय, स्वतः नवीन चूक करायची तिला सवय नाही. ती घाबरून बोलून गेली, "ते? ते पीठ आंबवायचं आहे, आई!"

"पीठ आंबवायचं?"

"हो ना! थंडी असते ना इथे. तो पट्टा बघ, गरम होतो."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. नुसतं मान डोलावून थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण मला भारी आत्मविश्वास! मी म्हणालो, "आणि एकदम स्वच्छ असतं, आई. रोज आतून धुतो मी."

"मग इतके दिवस मला सांगितलं का नाही, संजयराव? मी इथे रडतेय आणि तुम्ही खाली एवढं मशीन ठेवून बसलाय!"

तेवढ्यात फोन वाजला. मराठी मंडळाचे अध्यक्ष देशमुख काका बोलत होते. रविवारच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला नाश्ता देणाऱ्याने ऐनवेळी कॅन्सल केलं होतं. "काय करायचं सांग यार, पब्लिक तर उपाशी येणार!" मी तोंड उघडायच्या आत आईंनी फोन माझ्या हातातून घेतला.

"मी संजयरावांची सासू बोलतेय. इडल्या मी करते. आमच्याकडे मशीन आहे."

शनिवारी आमच्या घराची गिरणी झाली. ओळखीतले सगळे मिक्सर आणि ग्राइंडर गोळा करून मेधा आणि आई वाटत बसल्या. माझा बेत साधा होता. आईंचं वाटण संपायच्या आत खाली जायचं, टाकी आतून घासायची आणि निरागस चेहऱ्याने वर यायचं. पण उडदाची डाळ कमी पडली आणि मला दुकानात पिटाळलं. परत येतो तर काय! आईंनी टाकी काठोकाठ भरलेली, पट्ट्याचं बटण शेवटच्या आकड्यावर फिरवलेलं, आणि वर मूठभर साखरही टाकलेली. "साखरेने पीठ लवकर येतं हो," त्या समाधानाने म्हणाल्या.

"आई, आतून धुतली होती ना?"

"तुम्हीच तर रोज धुता!"

मी मेधाला कोपऱ्यात घेतलं. "अगं, तळाशी यीस्ट आहे. बिअरचं!"

"किती?"

"एखादा तांब्या असेल."

"मग सांग ना अण्णांना!"

"काय सांगू? कसलं यीस्ट म्हणून सांगू?"

"नको नको, काही बोलू नकोस," ती म्हणाली. (माझ्या संसारातला हा एकमेव सल्ला, जो मी तंतोतंत पाळला.)

अण्णा तोवर टाकीभोवती फिरत होते. पाणीपुरवठ्याच्या माणसाला गळती सहन होत नाही. त्यांनी सगळे क्लॅम्प पान्याने करकचून आवळले. मग त्यांना झाकणातली ती छोटी नळी दिसली. "हे भोक कशाला उघडं ठेवलंय? धूळ जाईल," म्हणून त्यांनी नळी उपटली आणि त्या जागी रबरी बूच ठोकून बसवलं.

आता बघा, मी सायलेन्सरचा इंजिनियर. बंद टाकीत गॅस कोंडला की काय होतं हे मला झोपेतही सांगता येतं. पण सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने ठोकलेलं बूच जावयाने काढायचं कसं? ते बरं दिसतं का? मी म्हणालो, "छान बसलंय, अण्णा!"

रविवारी सकाळी चहा पिताना खालून आवाज आला. अण्णा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "फर्नेस गुरगुरतंय वाटतं." ते फर्नेस नव्हतं! तेवढ्यात बेल वाजली. देशमुख काका पीठ न्यायला भलंमोठं पातेलं घेऊन दारात उभे होते. संक्रांत म्हणून त्यांनी खास पुण्याहून मागवलेला कोरा करकरीत काळा झब्बा घातला होता. आम्ही सगळे एकामागून एक बेसमेंटमध्ये उतरलो.

टाकीचं झाकण फुगून टरारलं होतं. क्लॅम्प करकरत होते. टाकी तीन पायांवर हलकेच थरथरत होती.

"प्रेशर आलंय," अण्णा गंभीरपणे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत निवृत्तीनंतर प्रथमच तेज आलं. "अशा वेळी खालचा व्हॉल्व्ह उघडायचा असतो."

"अण्णा, नको! वरचं बूच..."

"संजयराव, उभं आयुष्य पाइपलाइनवर गेलंय माझं!"

त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. काका पातेलं घेऊन बरोबर समोर वाकले होते. पिठाची जाडजूड धार पातेल्याच्या वरून गेली आणि काकांच्या पोटावर आदळली. काका मागे सरकले, धार पुढे सरकली! वॉशिंग मशीनला टेकल्यावर त्यांना मागे जायला जागाच उरली नाही. "अरे बंद करा यार! बंद करा!" काका पातेलं ढालीसारखं धरून ओरडत होते. अण्णांनी घाईघाईने व्हॉल्व्ह बंद केला आणि विजयी मुद्रेने आमच्याकडे वळले. "बघा. आलं की नाही कंट्रोलमध्ये?"

त्याच क्षणी बूच उडालं.

मोठा आवाज झाला, बूच छताला लागून कुठेतरी गायब झालं आणि त्याच्या मागोमाग पिठाचं कारंजं! छतावर, भिंतींवर, धुतलेल्या कपड्यांवर, अण्णांच्या टकलावर, सगळीकडे पीठ. ऋचा जिन्यावर उभी राहून टाळ्या पिटत, "डू इट अगेन, आजोबा!" म्हणून ओरडत होती. माझ्या चष्म्यातून मला काही दिसेना. माझ्या डोक्यात एकच विचार होता, की संपलं सगळं! मंडळाचा नाश्ता गेला, काकांचा झब्बा गेला, आता आई रडणार आणि त्या रडू लागल्या की मेधा माझ्याकडे बघणार.

मी चष्मा पुसला. आई टाकीपाशी उभ्या होत्या. केसांपासून पावलांपर्यंत पांढऱ्या. गालावरून ओघळणारं पीठ त्यांनी बोटावर घेतलं, दोन बोटांत चोळलं, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"अगं मेधा," त्या हुंदका देत म्हणाल्या, "पीठ आलं! बघ गं किती आलंय!"

आणि त्या माझ्याजवळ आल्या आणि माझ्या पिठाळ डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "तुमचं मशीन खरंच गुणी आहे हो." मला भरून आलं. मेधाला मात्र हसू आवरेना, म्हणून ती ड्रायरमागे जाऊन बसली.

पीठ इतकं फुगलं होतं, की एवढा हाहाकार होऊनही टाकीत पातेलंभर उरलंच. कार्यक्रम होता त्या शाळेच्या कॅफेटेरियात आईंनी इडल्या वाफवल्या. झाकण उघडताच लोकांनी श्वास रोखला. कापसाहून हलक्या आणि तळहाताएवढ्या फुगलेल्या इडल्या! वास मात्र किंचित वेगळा. ऋचाने एक घास घेतला आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, धिस स्मेल्स लाइक युअर..." मेधाने तिच्या तोंडात अख्खा तिळाचा लाडू कोंबला. अण्णा वाढून घ्यायला पुन्हा पुन्हा रांगेत जात होते. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "संजयराव, या इडलीत काहीतरी आहे. खाल्ल्यावर मन कसं प्रसन्न होतं!" पांढऱ्या डागांचा झब्बा घालूनच काकांनी माइकवर आईंचे आभार मानले आणि टाळ्या थांबेनात. आई लाजून पदराने तोंड पुसत होत्या. सांगली सोडल्यापासून त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

त्या आनंदात मी घरी येऊन टाकी घासूनपुसून लख्ख केली. यीस्टचा कणही ठेवला नाही. पुढच्या आठवड्यात हळदीकुंकवासाठी आईंनी पुन्हा पीठ लावलं. इडल्या चांगल्या झाल्या, पण बायका एकमेकींना म्हणाल्या, "मागच्यासारखी मजा नाही." आईंनी ते ऐकलं. घरी येताना गाडीत त्या हळूच म्हणाल्या, "हात गेला बाई माझा."

मेधाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. आम्हाला दोघांनाही कळलं.

मग काय! आई नोव्हायला होत्या तोवर मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी मी गुपचूप एक घाणा बिअर लावायचो. मेधा आईंना मॉलमध्ये न्यायची. अण्णा वॉकला गेले, की मी तयार झालेली ती थंड, सोनेरी, फेसाळ बिअर बादल्या भरभरून लाँड्रीच्या सिंकमध्ये ओतायचो. ठेवणार कुठे आणि पिणार तरी कधी? अण्णा तर वॉकहून आल्यावर आधी माझ्याशीच गप्पा मारायला बसत! मग टाकीच्या टोकातला तो घाणेरडा गाळ मात्र मी जिवापाड सांभाळायचो. बिअर पिऊन गाळ फेकणारे लोक सगळ्या मिशिगनभर असतील. बिअर फेकून गाळ जपणारा मी एकटाच, आणि तेही सासूच्या हाताची चव टिकावी म्हणून!