रोज एकच जिन्नस

निरवांगीच्या आमच्या वस्तीवर ऊस आला आणि मेंढरं गेली. नव्वद सालानंतरची ती वर्षं. थोरल्या भावाला माळेगावला कारखान्यात नोकरी लागली होती, धाकटा शेती बघत होता. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, जन्मभर मेंढरांमागं चालून आम्हा तिघा भावंडांची पोटं भरली होती. आता त्यांनी बसून खावं असं आम्हाला मनापासून वाटलं. शेवटची मेंढरं विकली त्याच दिवशी पडवीत नवी बाज टाकली. मेंढपाळाच्या लेकरांनीच करावी अशी ती चूक होती. चालणं म्हणजे कष्ट, एवढंच आम्ही लहानपणापासून धरून बसलो होतो.

तात्या बाजेवर बसले ते बसलेच. दोन महिन्यांत त्यांचं बोलणं तुटलं. ताट समोर ठेवलं की नको म्हणायचे. उन्हं वर आली तरी तोंडावर घोंगडं. मी तेव्हा बारामतीत मास्तरीण, चार बुकं शिकलेली, त्यामुळं मला सगळंच कळायचं. मी त्यांना इंदापूरला डॉक्टरांकडं नेलं. शरीरात काही बिघाड नाही, असं सांगून त्यांनी ताकदीचं औषध दिलं. बाटल्या फळीवर धूळ खात राहिल्या. तात्या हातचे जातात की काय, या धास्तीनं मला वर्गात शिकवणं सुचेना.

पुढच्या खेपेला गेले तर बाज रिकामी. तात्या गावात मीठ आणायला गेले होते. दुसऱ्या दिवशी काड्यापेटी, तिसऱ्या दिवशी हळद. दुकान वस्तीपासून चांगलं अर्ध्या तासाच्या वाटेवर. जाताना काखेत लोकर आणि हातात चाती; चालता चालता सूत कातायची आमच्या लोकांची सवय त्यांच्या बोटांत परत आली होती. येताना पारावर दोन म्हाताऱ्यांशी बोलून, कुणाच्या शेळीचा दुखरा पाय बघून, घामाघूम होऊन यायचे आणि मागून भाकरी खायचे. हे सगळं मी बघत होते, पण डोळ्यांत खुपलं ते भलतंच. आई म्हाताऱ्या माणसाला एकेका पुडीसाठी उन्हात पिटाळते. तिच्या काही ध्यानात राहत नाही, असं मी ठरवूनच टाकलं.

म्हणून दिवाळीला बारामतीहून दोन पिशव्या भरून महिन्याचं वाणसामान नेलं. आईचा चेहरा उतरला. मला वाटलं, थकली असेल. तीन दिवस तात्यांना आणायला काहीच उरलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी घोंगडं पुन्हा तोंडावर ओढलं. भाकरी तशीच राहिली. मी आईवरच तापले. तुझ्या उन्हातल्या फेऱ्यांनी ते आजारी पडले, असं तिला सुनावलं.

आईनं मला आत नेलं, ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि मिठाच्या पुड्या, काड्यापेट्या, हळदीची पाकिटं एकेक करून बाहेर काढली. वर्षभर पुरावीत एवढी.

"चाळीस वरीस चालल्याला माणूस हाय त्यो," ती म्हणाली. "पाय थांबलं की त्येंचं मन बी थांबतं. तुज्या पिशव्या घिऊन जा, बाय."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईनं माझ्या बापाला रोज एका पुडीवर जगवलं होतं, आणि मी मोठ्या मायेनं तिचा कारभार उधळून लावला होता. पिशव्या मी त्याच दुपारी बांधून ठेवल्या. आईचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटलेली होती, चहाला उकळी फुटत होती. आईनं पडवीत कप नेऊन ठेवला आणि म्हणाली, "आवं, काड्यापेटी सरलीया."

तात्यांनी घोंगडं खाली केलं. दारातून दिसणाऱ्या चुलीकडं बघितलं, मग आईकडं. उठून चहा प्यायले, खुंटीवरची चाती घेतली आणि वहाणा पायात सरकवत तिला विचारलं, "उद्या काय सरनार हाय?"