सतरा तास

नवघरला विमानाची तिकिटं काढून देणारा एक माणूस आहे. भिंतीवरच्या नकाशावर तो मुंबईपासून टोरंटोपर्यंत पेन फिरवतो आणि टोपण दातांत धरून म्हणतो, "बारा हजार किलोमीटर, सतरा तास. टेन्शन नहीं लेने का, मावशी!" मला तो फार हुशार वाटायचा.

माझी लेक तान्ह्या बाळाला घेऊन नवऱ्याकडे टोरंटोला निघाली. तिकिटावरच्या वेळा वेगवेगळ्या देशांच्या, आम्हाला त्या उमगल्या नाहीत. सतरा तास धरून मीच दुधाच्या पावडरच्या पुड्या बांधून दिल्या. वाटेत दुसऱ्या विमानासाठी तिला अकरा तास बसावं लागलं. पुड्या संपल्या. बाळ रडून रडून निपचित पडलं, तेव्हा एका अनोळखी बाईने आपल्या बाळाचं दूध दिलं.

मला चार माणसांत बोलता येत नाही. तरी तिकिटवाल्याच्या दुकानात गेले.

"मी खोटं बोललो काय, मावशी? विमान सतरा तासच उडालं ना?" तो हसत म्हणाला.

"मग बाळाला काय उडतानाच भूक लागते?"

बाकावर तिकिटासाठी बसलेल्या बाईने उघडलेली पर्स मिटली आणि त्याला विचारलं, "भैया, मेरावाला बीच में कितना रुकेगा?"